खोटा अर्थ आणि खरा कोश : एक शब्दखेळ, नंदभाषा आणि कळमन्याचा बाजार

प्रास्ताविक

एखादा अप्रसिद्ध शब्द निवडावा, त्याचा खरा अर्थ शब्दकोशातून एका चिठ्ठीवर उतरवून घ्यावा, इतर खेळाडूंनी आपापल्या चिठ्ठीवर त्या शब्दाचा खोटा परंतु पटण्याजोगा अर्थ लिहावा, सर्व चिठ्ठ्या एकाच स्वरात वाचून दाखवाव्यात आणि त्यांतील खरा अर्थ कोणता ते प्रत्येकाने ओळखावे, असा एक बैठा खेळ इंग्रजी भाषिक समाजात दीर्घकाळ रूढ आहे. खरा अर्थ ओळखणाऱ्याला गुण मिळतात. परंतु खोटा अर्थ लिहून इतरांना चकविणाऱ्यालाही, किंबहुना त्यालाच अधिक, गुण मिळतात. बी.बी.सी.ने १९६५ पासून 'कॉल माय ब्लफ' या नावाने या खेळाचे दूरचित्रवाणी रूप सादर केले. १९८४ मध्ये कॅनडात 'बॉल्डरडॅश' या नावाने तो खोक्यात घालून विक्रीस आला. मराठीत या खेळाला स्वतंत्र नाव नाही. उखाणा, कोडे, कूटप्रश्न, भेंड्या हे शब्दखेळ आपल्याकडे मुबलक आहेत. मात्र शब्दाला खोटा अर्थ देऊन तो खरा म्हणून खपविण्याची स्पर्धा आपल्या घरगुती करमणुकीत रुजली नाही.

त्यामुळे हा विषय मराठीच्या अभ्यासकाला परका वाटण्याचा संभव आहे. प्रस्तुत लेखाचे म्हणणे याच्या उलट आहे. शब्द माहीत नसणे, अर्थ दुसऱ्याच्या हाती असणे आणि त्या अर्थावर विश्वास ठेवावा लागणे ही जी या खेळाची मूळ परिस्थिती आहे, ती मराठीत दिवाणखान्यात न घडता बाजारात घडली. तेथे तिचे मोल गुणांत न मोजता रुपयांत मोजले गेले. नागपूरच्या पूर्वेकडील कळमना येथील कृषी उत्पन्न बाजाराचे आवार डोळ्यांसमोर ठेवून या खेळाची चिकित्सा केली, तर कोश, व्याख्या आणि अधिकार यांच्या परस्परसंबंधाविषयी काही गोष्टी अधिक स्पष्ट होतात.

खोट्या व्याख्येचे शरीर

प्रथम एक भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे. अँब्रोज बिअर्स या अमेरिकन लेखकाचा 'द डेव्हिल्स डिक्शनरी' (१९११) हा विनोदी व्याख्यांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. आपल्या नियतकालिकांच्या दिवाळी अंकांतूनही 'नवा शब्दकोश' या धर्तीची सदरे अधूनमधून येत असतात. या प्रकारात शब्द वाचकाला ठाऊक असतो. नवी व्याख्या त्या ठाऊक अर्थाला टोचते आणि त्यातून उपरोध निर्माण होतो. वाचक फसत नाही, तो सामील असतो. डग्लस ॲडम्स आणि जॉन लॉइड यांच्या 'द मीनिंग ऑफ लिफ' (१९८३) या पुस्तकाची रीत वेगळी. ज्यांना शब्द नाही अशा रोजच्या अनुभवांना त्यांनी गावांची नावे बहाल केली. येथेही फसवणूक नाही. ज्या खेळाचा विचार येथे चालला आहे त्यात मात्र वाचकाला शब्द ठाऊक नसतो आणि व्याख्या त्या अज्ञानाचा लाभ उठविते. पहिल्या दोन प्रकारांचा विचार विनोदमीमांसेत होऊ शकतो; तिसऱ्याचा विचार प्रामाण्याच्या चर्चेतच करावा लागेल.

मग खोटी व्याख्या पटते कशी? एका उदाहरणाने हे पाहता येईल. 'उधानू' हा शब्द घ्यावा. त्याच्या तीन व्याख्या समोर आहेत असे समजू. पहिली : 'उधानू – पु. (कों.) भरतीच्या पाण्याबरोबर खाडीत शिरणारा एक बारीक मासा. [उधाण]'. दुसरी : 'उधानू – न. लग्नघरी वरपक्षाने ऐनवेळी केलेली वाढीव मागणी. तिच्यापायी अडलेले कार्य'. तिसरी : 'उधानू – वि. तीन ही संख्या'. यांपैकी पहिल्या दोन या लेखापुरत्या रचलेल्या आहेत. तिसरी खरी आहे. परंतु कोश न उघडता मत द्यावयाचे झाल्यास बहुसंख्य सुशिक्षित वाचक पहिल्या व्याख्येला कौल देतील, यात शंका वाटत नाही.

याचे कारण त्या व्याख्येच्या आशयात नाही, तिच्या वेशात आहे. 'पु.' हे लिंगदर्शक अक्षर, कंसातील प्रदेशचिन्ह, चौकोनी कंसातील व्युत्पत्ती हे सर्व कोशाचे अलंकार तिने घातले आहेत. 'उधाण' या परिचित शब्दाशी तिने नाते सांगितले आहे, आणि ऐकणाऱ्याच्या कानाला ते नाते आधीच जाणवलेले असते. 'बारीक' हे विशेषण तर निव्वळ अनावश्यक आहे, आणि म्हणूनच ते विश्वास उत्पन्न करते. कारण खोटे बोलणारा माणूस माशाचा आकार कशाला सांगेल, असे ऐकणाऱ्याला वाटते. खरी व्याख्या मात्र उघडीवाघडी उभी आहे. तिच्यापाशी नाते नाही, कारण नाही, आधार नाही. सत्य अर्थ अनेकदा असा विसंगत असतो. शब्द आणि अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असतो हे भाषाविज्ञानाचे प्राथमिक सूत्र आपण वर्गात शिकवितो खरे, पण मनाला ते पटलेले नसते. मनाला व्युत्पत्ती हवी असते. हा खेळ याच हव्यासावर चालतो.

कोशही या खेळातून सर्वस्वी मुक्त नाहीत. १९३४ च्या वेबस्टरच्या बृहत्कोशात 'डॉर्ड' हा शब्द 'घनता' या अर्थाने छापला गेला. वस्तुतः ती 'मोठा डी किंवा लहान डी' हे घनतेचे संक्षेपचिन्ह असल्याची एक टाचणी होती; ती चुकून शब्दांच्या गठ्ठ्यात गेली आणि शब्द जन्माला आला. अशा शब्दांना स्कीट या कोशकाराने १८८६ मध्येच 'भूतशब्द' या अर्थाची संज्ञा दिली होती. याहून मासलेवाईक प्रकार म्हणजे २००१ च्या न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन कोशात 'एस्क्विव्हेलियन्स' हा शब्द संपादकांनी जाणूनबुजून घातला. दुसऱ्या कोणी कोश चोरून उतरविला तर हा शब्दही तेथे जाईल आणि चोरी उघड होईल, हा त्यामागील हेतू. २००५ मध्ये ही गोष्ट प्रकट झाली. त्याची व्याख्याही 'आपल्या कर्तव्याची जाणूनबुजून टाळाटाळ' अशी होती! कोशकारांचा विनोद इतका कोरडा असतो.

'काणुका' आणि कौत्साचा आक्षेप

दुर्बोध शब्दाला अर्थ देण्याचा उद्योग भारतीय परंपरेत फार जुना आहे. यास्काचे 'निरुक्त' हे 'निघंटू' या पाच अध्यायांच्या वैदिक शब्दसंग्रहावरील भाष्य. त्या शब्दांपैकी अनेकांचे अर्थ यास्काच्या काळीच हरपले होते. निरुक्ताच्या पहिल्याच अध्यायात कौत्साचा पूर्वपक्ष येतो. मंत्र निरर्थक आहेत, असे कौत्स म्हणतो, आणि आपल्या कारणांत 'अम्यक्', 'यादृश्मिन्', 'जारयायि', 'काणुका' या अर्थ न उमगणाऱ्या शब्दांचा दाखला देतो. यास्काचे उत्तर असे की, आंधळ्याला खांब दिसत नसेल तर त्याचा ठपका खांबावर ठेवता येणार नाही. पुढे तो 'काणुका' या शब्दापाशी येतो तेव्हा मात्र एकामागून एक पर्याय मांडतो : हा शब्द 'कांतक' असेल, किंवा 'क्रांतक' असेल, किंवा 'कृतक' असेल. प्रिय, पार केलेले, केलेले हे तीनही अर्थ उच्चारसाम्यावर उभे आहेत.

चिठ्ठ्यांच्या खेळाशी याचे साम्य वरवर पाहता विलक्षण आहे. एक दुर्बोध शब्द, तीन व्याख्या, तिन्ही पटण्याजोग्या. परंतु महत्त्वाचा फरक असा की, येथे खरी चिठ्ठी कोणापाशीच नाही. यास्क तिन्ही पर्याय 'वा' या अव्ययाने जोडून उघडपणे पुढे ठेवतो. तो कोणालाही चकवीत नाही. अक्षराचे वा वर्णाचे साम्य असले तरी तेवढ्यावरून निर्वचन करावे, निर्वचन सोडून मात्र देऊ नये, हा त्याचा दंडक आधुनिक भाषाशास्त्राला मान्य होणार नाही. तरीही त्याची पद्धत प्रामाणिक आहे, कारण अनिश्चितता ती लपवीत नाही. चार्वाकांनी 'जर्भरी तुर्फरी' सारखे शब्द पुढे करून वेदांची जी थट्टा केली, तिच्यातही हाच प्रश्न दडलेला होता : ज्या शब्दाचा अर्थ फक्त पुरोहितच सांगू शकतो, त्या अर्थावर यजमानाने का विसंबावे?

मराठीत निर्वचनाचा हा दंडक टोकाला नेला तो इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी. त्यांच्या व्यासंगाविषयी आदर बाळगूनही म्हणावे लागते की, मराठीतील बहुतेक प्रत्येक शब्दाला आणि नावाला संस्कृत मूळ शोधून देण्याच्या भरात त्यांची अनेक व्युत्पत्ती-विधाने वाचकाला चिठ्ठीच्या खेळाची आठवण करून देतात. यास्काचा 'वा' त्यांच्यापाशी नाही. त्यांची व्युत्पत्ती निर्णयाच्या स्वरात येते. कृ. पां. कुलकर्णी यांच्या 'मराठी व्युत्पत्तिकोशा'त (१९४६) तुलनेने अधिक सावधपणा आढळतो. कळमना या ग्रामनामावर हा प्रयोग करून पाहणे बोधप्रद ठरेल. कळमेश्वर, कळमनुरी, यवतमाळ जिल्ह्यातील कळंब ही नावे शेजारी ठेवली की 'कळंब' म्हणजे कदंब वृक्षाची आठवण येतेच, आणि अनुमान बांधण्याचा मोह आवरत नाही. हे अनुमान कदाचित बरोबरही असेल. परंतु 'मनाला कळ लागते ते कळमना' ही रचलेली व्युत्पत्ती आणि वृक्षाची व्युत्पत्ती यांत आज जो फरक आहे तो पुराव्याचा कमी आणि भारदस्तपणाचा अधिक आहे. जुना लेख, जुना उच्चार, महसुली दप्तरातील जुने रूप यांचा आधार मिळेपर्यंत दोन्ही चिठ्ठ्याच होत.

नंदभाषा : जेथे खरी चिठ्ठी लपविलेली असते

वर उदाहरणादाखल घेतलेला 'उधानू' हा शब्द नंदभाषेतील आहे. नंदभाषा ही दलाल व व्यापारी यांची गुप्त सांकेतिक बोली. तिच्यात संख्यांना निराळी नावे आहेत : एक म्हणजे केवली, दोन म्हणजे आवारू, तीन उधानू, पाच मुळू, सात पवित्र, दहा अंगळू. रुपयाला भुरका म्हणत. या शब्दांची रूपे निरनिराळ्या याद्यांत थोडीफार बदलतात, आणि ते स्वाभाविकच आहे. जी भाषा लिहिण्यासाठी नव्हतीच, तिचे शुद्धलेखन कोण ठरविणार? तशात व्यापाऱ्यांची लेखनलिपी मोडी, आणि मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नाही.

ही बोली किती जुनी असावी याचा एक दुवा संतवाङ्मयात सापडतो. नामदेवांचे गुरू म्हणून परंपरेने ज्यांची ओळख सांगितली जाते त्या विसोबा खेचरांच्या नावावरील एका अभंगात शिवाचे वर्णन नंदभाषेत आहे. पाच मुखे, तीन नेत्र आणि दहा हात या संख्या तेथे मुळू, उधानू आणि अंगळू या शब्दांनी सांगितल्या आहेत. ज्याला बाजार ठाऊक नाही त्याला देव कळू नये, आणि ज्याला बाजार ठाऊक आहे त्याला बाजाराच्याच शब्दांत देव दिसावा, असा हा दुहेरी चमत्कार आहे. काव्य म्हणून त्याची योग्यता स्वतंत्रपणे तपासावयास हवी. मराठी समीक्षेने त्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. येथे एवढेच नोंदवावयाचे की, कोशाच्या अभावी शतकांनंतरही या शब्दांचा अर्थ पडताळता येतो तो अभंगामुळे. शिवाला तीन नेत्र असतात हे सर्वांस ठाऊक असल्याने 'उधानू'चा अर्थ तीनच, मासा नव्हे, हे सिद्ध होते. कोशाच्या अधिकाराविना सिद्ध झालेला हा अर्थ आहे.

आता या बोलीचा बाजारातील व्यवहार पाहावा. शेतकरी माल घेऊन उभा आहे. दोन दलाल त्याच्यासमोरच भावाची चर्चा करीत आहेत. शब्द त्याच्या कानावर पडतात, अर्थ पडत नाही. यांतील 'पवित्र' हा शब्द विशेष विचारात घेण्याजोगा आहे. 'उधानू' ऐकून शेतकऱ्याला निदान एवढे तरी कळते की आपल्याला काही कळलेले नाही. 'पवित्र' ऐकून त्याला काहीतरी कळल्यासारखे वाटते, आणि ते चुकीचे असते. चिठ्ठ्यांच्या खेळातील सर्वोत्तम खोटी व्याख्या जे साधते तेच येथे एका परिचित शब्दाने साधले आहे.

शब्दही नको म्हणून रुमालाखाली बोटे धरून भाव ठरविण्याची पद्धतही अनेक बाजारांत होती. तीत ज्याच्या मालाचा सौदा चालला आहे तो मालधनी प्रेक्षकाच्या जागी उभा राहतो. या पद्धतींविरुद्ध विदर्भाचा स्वतःचा इतिहास आहे, आणि नागपूर विभागातील प्राध्यापकांनी तो विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावा असा आहे. देशातील पहिला नियंत्रित कापूस बाजार १८८६ मध्ये वऱ्हाडातील कारंजा येथे स्थापन झाला. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने नियंत्रित बाजारांची शिफारस केली. महाराष्ट्राचा कृषी उत्पन्न बाजारविषयक कायदा १९६३ चा. गुप्त बोलीच्या जागी उघड लिलाव आणणे हे या साऱ्या धडपडीचे एक प्रमुख सूत्र होते. भाषेच्या अभ्यासकाने या कायद्यांकडे अर्थशास्त्राचा विषय म्हणून दुर्लक्ष करू नये. शब्दाचा अर्थ सर्वांसमक्ष असावा, हा त्यांतील आग्रह मुळात भाषिकच आहे.

कळमना : व्याख्येची किंमत

नागपूर कृषी उत्पन्न बाजार समितीचे कळमना येथील आवार हे धान्य, मिरची, संत्री, भाजीपाला, कांदा-बटाटा यांच्या घाऊक व्यापाराचे मध्य भारतातील एक मोठे केंद्र आहे. तेथील शब्दव्यवहार पाहिला तर दोन थर दिसतात. वरच्या थरावर कायद्याची परिभाषा आहे : बाजार आवार, परवानाधारक, सौदापट्टी. खालच्या थरावर लोकांचे शब्द आहेत : अडत, हमाली, तोलाई, कट्टा, विसार, हर्रास. लिलावाला विदर्भात 'हर्रास' म्हणतात, शेतकऱ्याला 'कास्तकार' म्हणतात, शेताला 'वावर' आणि बांधाला 'धुरा' म्हणतात.

कायद्याच्या आरंभी व्याख्यांचे कलम असते. १९६३ च्या कायद्यातील 'शेतकरी' या शब्दाची व्याख्या या दृष्टीने मननीय आहे. स्वतः, कुळांकरवी, मजुरांकरवी अथवा अन्य रीतीने शेतमालाचे उत्पादन करणारी व्यक्ती म्हणजे शेतकरी. परंतु शेतमालाचा व्यापारी किंवा दलाल याचा त्यात समावेश होत नाही, मग तो स्वतः शेतमाल पिकवीत असला तरीही. गावात ज्याला सारे शेतकरी म्हणून ओळखतात अशी एखादी व्यक्ती या व्याख्येने शेतकरी उरत नाही, आणि जिने नांगराला कधी हात लावला नाही अशी व्यक्ती शेतकरी ठरते. कोशाच्या दृष्टीने ही व्याख्या 'खोटी' आहे. तरीही ती रचणाऱ्यांना चकवायचे नव्हते. बाजार समितीचे नियंत्रण व्यापाऱ्यांच्या हाती जाऊ नये, एवढ्यासाठी शब्दाचा नेहमीचा अर्थ त्यांनी हेतुतः छाटला. व्याख्या खरी की खोटी हा प्रश्न येथे अपुरा पडतो. ती कोणी केली, कोणासाठी केली आणि ती उघड्यावर वाचता येते काय, हे विचारावे लागते.

मापांच्या बाबतीत तर एकाच शब्दाला अनेक अर्थ होते आणि ते सर्व खरे होते. खंडीचे मण वीस, हे सर्वसाधारण कोष्टक. परंतु मणाचे वजन प्रांतोप्रांती आणि मालामालागणिक बदलत असे, आणि पूर्व विदर्भात धानाची खंडी वजनाऐवजी मापाने मोजली जाई. 'खंडीभर धान' याचा अर्थ कोणत्या गावच्या बाजारात विचारता, त्यावर अवलंबून होता. १९५६ च्या वजनमापविषयक कायद्याने दशमान पद्धतीकडे वाटचाल सुरू झाली आणि ही अनेकार्थता व्यवहारातून मागे पडत गेली. ललित लेखकांना तिच्याविषयी हुरहूर वाटणे समजण्याजोगे आहे. तोलून देणाऱ्या कास्तकाराला ती वाटली असेल असे मानण्याचे कारण नाही.

याउलट शासनाने अर्थ आधी ठरवून शब्द मागाहून घडविले, त्याचे उदाहरण १९६२ च्या 'पदनाम कोशा'चे. आचार्य अत्रे यांनी त्याचे 'बदनाम कोश' असे नामकरण केले. त्यांतील काही शब्द आज इतके रुळले आहेत की त्यांवर हसणारेच आता ते वापरतात. थट्टा लोकप्रिय होती, पण तिचा निकाल वापराने लावला.

(व.) आणि (ना.)

मूळ खेळाकडे पुन्हा वळल्यास एक गोष्ट दिसते. कोशाची गंमत करणारा, बंडखोर वाटणारा हा खेळ प्रत्यक्षात कमालीचा सनातनी आहे. सर्व चिठ्ठ्या वाचून झाल्यावर निर्णय देतो तो कोशच. छापील पानावर जे आहे ते खरे, खेळाडूंचे ते खोटे. याविरुद्ध अपील नाही. इंग्रजीसारख्या कोशसंपन्न भाषेत हे खपून जाते. मराठीत हा न्यायाधीश कोण, आणि तो कोठे बसतो, हे विचारणे भाग आहे.

मोल्सवर्थच्या १८३१ व १८५७ च्या आवृत्त्या आणि दाते-कर्वे प्रभृतींचा सात विभागांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' (१९३२-३८) ही मराठीची मोठी धने आहेत, याविषयी दुमत नसावे. डॉ. श्री. व्यं. केतकर यांच्या ज्ञानकोशाच्या कामाचा प्रारंभ नागपुरात झाला होता, हेही विसरता येत नाही. महाराष्ट्र शब्दकोशाच्या संपादकांनी बोलींतील शब्द कसोशीने गोळा केले आणि त्यांवर प्रदेशचिन्हे घातली : वऱ्हाडीसाठी (व.), नागपुरीसाठी (ना.), आणि अशीच इतर. ही नोंद शास्त्रीय आहे, उपयुक्तही आहे. परंतु ज्या शब्दावर चिन्ह नाही तो शब्द कोठला? पुण्याच्या शब्दाला प्रदेश नसतो. तो नुसता मराठी असतो. चिन्ह नसणे हेच त्याचे सर्वांत मोठे चिन्ह होय. वरच्या खोट्या व्याख्येतील (कों.) या अक्षराने वाचकाचा विश्वास मिळविला तो याच सवयीमुळे. 'कोठेतरी दूर असे म्हणत असतील' हा भाव त्या कंसात असतो, आणि दूरच्या माणसाविषयी आपण काहीही खरे मानावयास तयार असतो.

'सांबार' हा शब्द याचे रोकडे उदाहरण आहे. कळमन्याच्या भाजीबाजारात सांबार म्हणजे कोथिंबीर. नागपुरात शिकावयास आलेल्या पश्चिम महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला ही चक्क खोटी चिठ्ठी वाटते, कारण त्याच्या लेखी सांबार ताटात वाढतात आणि त्यात इडली बुडवतात. टोमॅटोला 'भेदरे' म्हणतात हेही त्याला असेच रचलेले वाटेल. आता हाच खेळ नागपूर विभागातील एखाद्या महाविद्यालयाच्या वर्गात खेळला तर 'अप्रसिद्ध शब्द' कोणता ठरेल? गोंदिया-भंडाऱ्याकडील विद्यार्थिनीला 'तणीस', 'बोडी', 'लाखोळी' हे शब्द घरचे आहेत. पाठ्यपुस्तकातील 'पेंढा' किंवा 'तळे' हे तिच्या दृष्टीने पुस्तकी. शब्दाचे अप्रसिद्धपण हा शब्दाचा गुणधर्म नाही. ते ऐकणाऱ्याचे अज्ञान असते, आणि कोणाच्या अज्ञानाला प्रमाण मानायचे हे सत्तेने ठरते. परीक्षेत 'पुढील बोलीशब्दांचे अर्थ लिहा' असा प्रश्न येतो. 'पुढील प्रमाणशब्दांचे आपल्या बोलीतील प्रतिशब्द लिहा' असा प्रश्न क्वचित येतो, आणि आला तरी उत्तर तपासणार कोण ही अडचण उरते. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा शब्दकोश सिद्ध केला तेव्हा ही अडचण एका बोलीपुरती तरी कमी झाली. त्या कोशात भंडाऱ्याचा माणूस शब्द पाहतो तेव्हा तो कंसाबाहेर असतो.

प्रश्नाची निकड अलीकडे वाढली आहे ती आणखी एका कारणाने. संगणकीय भाषाप्रारूपांना एखाद्या अप्रसिद्ध शब्दाचा अर्थ विचारला तर ती पुष्कळदा ठाम, सुघटित, व्युत्पत्तीसह उत्तर देतात, आणि ते साफ खोटे असू शकते. कोशाचा वेश त्यांना उत्तम जमतो. ज्या बोलींचे लिखित साहित्य थोडे, त्यांच्याबाबत हा धोका अधिक. कारण तपासून पाहण्यास दुसरी चिठ्ठीच उपलब्ध नसते. प्राध्यापकांच्या टेबलावर येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत असे अर्थ येऊ लागले तर ते ओळखणार कसे? 'बारीक मासा' ओळखण्याची दृष्टी त्यासाठी लागते, आणि ती व्याकरणाच्या पुस्तकातून येत नाही.

या दृष्टीने चिठ्ठ्यांचा हा खेळ मराठीच्या वर्गात आणण्याजोगा आहे, परंतु एका बदलासह. शब्द कोशातून निवडू नयेत. विद्यार्थ्यांनी ते घरून, वावरातून, कळमन्यासारख्या आवारातून आणावेत, आणि खरी चिठ्ठी लिहिणारा तो शब्द रोज वापरणारा माणूस असावा. हमाल, मापाडी, भाजीवाली, अडत्याच्या दुकानातील दिवाणजी यांच्यापैकी कोणाच्या तोंडून अर्थ घेतला, कोणत्या वाक्यात घेतला, आणि दुसऱ्या कोणी तो वेगळा सांगितला काय, हे चिठ्ठीच्या मागे लिहावे. दोन खऱ्या चिठ्ठ्या निघाल्या तर दोन्ही ठेवाव्यात आणि मधे यास्काचा 'वा' घालावा. खोट्या चिठ्ठ्यांचेही जतन व्हावे, कारण शिकलेल्या मनाला कोणता अर्थ पटला आणि का पटला, याचा तो थेट पुरावा असतो. अशा एका वर्गाच्या वर्षभराच्या चिठ्ठ्यांतून नागपूरच्या बाजारभाषेची जी यादी निघेल तिच्यात 'सांबार'पुढे 'कोथिंबीर' एवढेच लिहिलेले असावे. आणि कंस घालायचाच झाला तर तो 'कोथिंबीर'पुढे घालून त्यात पश्चिम महाराष्ट्र असे लिहावे.